कंस पुसताना नावं का जातात?

प्रश्न : भाऊ, आमच्या गणेश मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी देणगीदारांची यादी लिब्रेऑफिस रायटर या मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून राहिली आहे. एकेका ओळीत दोन-तीन नोंदी आहेत, अशा :

देशमुख, इतवारी (रोख) ०५/०९/२०२४. बोरकर, महाल (धनादेश) 07/09/2024

कंसातला मजकूर काढायचा होता. रेग्युलर एक्स्प्रेशन्सची (नमुना देऊन मजकूर शोधायच्या सूत्रांची) खूण करून ‘शोधा’मध्ये \(.*\) लिहिलं, ‘बदला’ची चौकट रिकामी ठेवली; तर बोरकरांचं नावच गेलं. तारखाही वर्ष आधी येईल अशा करायच्या आहेत. कोणी मराठी आकडे टाकले, कोणी इंग्रजी.
— एक कार्यकर्ती, महाल, नागपूर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी कंट्रोल-झेड दाबून नावं परत आणा. देणगीदाराचं नाव स्मरणिकेतून गळणं फार वाईट.

कंसाआधी उलटी तिरकी रेघ दिलीत ते बरोबर, कारण नुसत्या कंसाला इथं वेगळा अर्थ आहे. घोटाळा .* चा आहे. ठिपका म्हणजे कुठलंही एक चिन्ह (आपलं अक्षर नव्हे, ‘कि’ त्याच्या लेखी दोन चिन्हं, ‘क्ष’ तीन), आणि तारा म्हणजे ते कितीही वेळा. स्टीफन क्लेनी या अमेरिकी गणितज्ञांच्या १९५६ च्या लेखातून आलेला हा तारा मुळात हावरा. जमेल तेवढं घेतो, म्हणून तो ‘रोख’च्या आधीच्या कंसापासून थेट ‘धनादेश’नंतरच्या कंसापर्यंत गेला. बोरकर मधेच होते.

त्याला अडवायचं तर कंसाच्या आत काय चालणार नाही, ते सांगा :

 *\([^)]*\)

चौकटी कंसातलं ^ म्हणजे ‘हे सोडून’. आता बंद होणारा कंस दिसला की शोध तिथंच थांबतो. सुरुवातीला एक मोकळी जागा आणि तारा आहे, तो गाळू नका; नाहीतर ‘इतवारी’पुढे दोन जागा उरतील. काही जण .*? सुचवतील. तेही चालतं, पण मला वरचं जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते कंस ओलांडूच शकत नाही.

तारखांसाठी ‘शोधा’मध्ये :

([0-9०-९]+)/([0-9०-९]+)/([0-9०-९]+)

आणि ‘बदला’मध्ये :

$3-$2-$1

इथले कंस साधे, रेघेविना; सापडलेला तुकडा ते लक्षात ठेवतात. $3 म्हणजे तिसऱ्या कंसात सापडलेलं वर्ष. नुसतं [0-9] लिहिलं असतं तर मराठी आकडे सुटले असते, संगणकाला ५ आणि 5 ही वेगळी चिन्हं आहेत. डॉलरपुढचा आकडा मात्र इंग्रजीच हवा. घर क्रमांक १२/४ असा असेल तर त्याला धक्का लागत नाही, कारण सूत्राला दोन तिरक्या रेघा (/) लागतात.

दोन्ही वेळा ‘सर्व बदला’च्या आधी ‘सर्व शोधा’ दाबा आणि रंगलेला मजकूर नजरेखालून घाला. हे सूत्र आकड्यांची जागा बदलतं, लिपी नाही. सगळ्या तारखा एकाच लिपीत हव्या असतील तर इंग्रजी 0 च्या जागी ०, 1 च्या जागी १, असे दहा साधे बदल वेगळे करावे लागतील.