टिटवी डोक्यावर झेपावते तेव्हा

प्रश्न : कुत्र्याला माळावर फिरवताना टिटव्या ओरडत अंगावर येतात. काय करावं?

उत्तर : जवळच घरटं किंवा पिल्लं असणार. मार्च ते ऑगस्ट हा टिटवीच्या विणीचा मुख्य काळ. घरटं म्हणजे उघड्यावरचा उथळ खळगा, कडेला खडे नाहीतर शेळीच्या लेंड्या. आत बहुधा ४ अंडी, निमुळती टोकं मध्याकडे, मातकट रंगावर काळे डाग. दोन हातांवरूनही दिसत नाहीत, म्हणून शोधत बसू नका. पट्टा आखडून आलात त्याच वाटेने मागे फिरा. कडक उन्हात पक्षी फार वेळ उठून राहिला तर अंडी तापून आतला जीव मरतो. फेरी ऊन चढण्याआधीच उरका. पिल्लं धोका दिसताच जमिनीला चिकटून निपचित पडतात. मोकळा कुत्रा त्यांना वासावरून गाठतो.