ब्रेडबोर्डवरच्या चार-पाच ७४ मालिकेच्या (साध्या लॉजिक गेट-काउंटरच्या) आयसींऐवजी कोणती प्रोग्रॅमेबल चिप घेऊ?

सर्किट ५ व्होल्टचं असेल तर डोळे झाकून एटीएफ२२व्ही१०सी घ्या. २४ पिनांचं डिप पॅकेज (दोन रांगांत पिना) ब्रेडबोर्डवर थेट बसतं, मॅक्रोसेल (एकेका फ्लिपफ्लॉपचे, म्हणजे एका बिटच्या मेमरीचे, आउटपुट खण) १०, आणि पुसून पुन्हा लिहिता येतं. विनकपल या सॉफ्टवेअरमध्ये लॉजिकची समीकरणं लिहा, त्यातून बनलेली जेडेक फाइल टी४८ प्रोग्रॅमरने (चिपवर लिहिणाऱ्या यंत्राने) चढवा. प्रोग्रॅमरच्या चिपच्या यादीत नेमका हाच नंबर निवडा. जीएएल२२व्ही१० ही तिच्यासारखी दुसरी चिप निवडलीत तर प्रोग्रॅमिंगची पद्धत वेगळी असल्याने व्हेरिफायला एरर येते. पिन २४ ला (वीजपुरवठ्याच्या पिनेला) खेटून ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच, नाहीतर काउंटर मध्येच आकडे गाळतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चिप घेताना पिना निरखून बघा. सोल्डरचा अंश दिसला तर चिप जुन्या बोर्डावरून काढलेली आहे.

१० फ्लिपफ्लॉप अपुरे पडले तर एटीएफ१५०४एएस: ६४ मॅक्रोसेल, तीही ५ व्होल्टची, पण ती चौकोनी पीएलसीसी पॅकेजमध्ये येते, म्हणून ब्रेडबोर्डसाठी पीएलसीसी सॉकेटचा अ‍ॅडॉप्टर आणि प्रोग्रॅम चढवायला जेटॅग केबल लागेल.