हातात मावणाऱ्या यंत्रात लेझरची ताकद वाढवून काय मिळतं?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. खानापूर तालुक्यात घरचा गोठा, त्याला लागून गोबरगॅसची टाकी. प्रोजेक्टसाठी असं छोटं यंत्र करायचंय जे गोठ्यातला अमोनिया मोजेल आणि टाकीची मिथेन गळतीही पकडेल. एमक्यूचे (स्वस्तातले वायू ओळखणारे) सेन्सर लावून झाले, पण पाऊस लागला की ते भलतेच आकडे दाखवतात, म्हणून आता लेझर. आणि लेझर ५ मिलिवॅटचा घ्यावा की २०चा, यावर गाडी अडली आहे.

५चाच घे. वाचलेले पैसे खिडक्यांवर, बॉडीवर आणि तापमान स्थिर ठेवण्यावर घाल.

आधी आकडा किती बारीक आहे ते बघ. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश शोषतो, त्या जागांना रेषा म्हणतात. मिथेनसाठी १६५३.७ नॅनोमीटरची रेषा वापरतात, कारण तिथं पाण्याची वाफ फारशी आडवी येत नाही आणि टेलिकॉमच्या धंद्यामुळं त्या पट्ट्यातले डीएफबी (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारे) लेझर परवडतात. साध्या हवेच्या दाबाला १ मीटर वाटेत १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) मिथेन असेल, तर प्रकाशाचा साधारण एक लाखात चार भाग शोषला जातो. वायू ज्यात भरायचा ती तुझी नळी १० सेंटिमीटरची धरली, तर दहा लाखांत चार. एवढा फरक प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडच्या नुसत्या डीसी आउटपुटवर दिसणार नाही. म्हणून लेझरच्या करंटवर काही किलोहर्ट्झची साइन लाट चढवायची आणि लॉक-इननं (एकच वारंवारता वेगळी काढणाऱ्या पद्धतीनं) तिच्या दुप्पट वारंवारतेचा सिग्नल काढायचा. त्याला मूळ वारंवारतेच्या सिग्नलनं भागलं की धूळ आणि प्रकाशाची चढउतारही बरीचशी निघून जाते. हा भाग तुला जमेल, आजकाल साध्या मायक्रोकंट्रोलरवरही होतो.

अडचण येते ती फ्रिंजची, म्हणजे परतलेल्या प्रकाशानं उठणाऱ्या खोट्या लाटांची. कटिंगच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात ना, तसे यंत्रातले कुठलेही दोन समांतर पृष्ठभाग प्रकाश आपापसात खेळवत राहतात. लेझरच्या डब्याची काच, लेन्स, नळीची खिडकी, फोटोडायोडची टोपी, कुठलेही दोन. परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळतो आणि तरंगलांबी फिरवली की पाया (वायू नसतानाचा सिग्नल) लाटेसारखा वरखाली होतो. दोन पृष्ठभागांत ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर या लाटेची रुंदी ०.१ प्रति सेंटिमीटर (हे तरंगलांबीच्या उलट्याचं एकक) येते. मिथेनच्या रेषेची रुंदीही हवेच्या दाबाला जवळजवळ तेवढीच. म्हणजे यंत्र हाताएवढं करायला गेलास की त्याची मापंच अशी बसतात की खोटी लाट खऱ्या रेषेचं सोंग घेते. मोठ्या टेबलावरच्या मांडणीत अंतरं लांब असतात, लाटा बारीक पडतात आणि सरासरीत निघून जातात. छोट्या यंत्रात ती सोय नाही.

किती मोठं सोंग? चांगलं कोटिंग असलेल्या दोन काचांनी प्रत्येकी ०.१ टक्का जरी परत फेकला, तरी लाट हजारात दोन भागांची होते. १० सेंटिमीटरच्या नळीत हे साधारण ५०० पीपीएम मिथेनच्या शोषणाएवढं झालं. वर ती एका जागी राहत नाही. ५ सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम १ अंशाला १ मायक्रॉनहून थोडं जास्त वाढतं, आणि लाट एक पूर्ण फेरा सरकायला त्याहून कमी पुरतं. सकाळी शून्य जुळवलंस तर दुपारी पत्र्याखाली ते राहणार नाही.

आता लेझर चौपट ताकदीचा लावलास तर काय होईल? सिग्नल चौपट, लाटही चौपट, गुणोत्तर जागेवर. डिटेक्टरची विद्युत खरखर तेवढी मागं पडेल, पण ती तुझी शत्रू नव्हतीच.

उपाय साधे आहेत, पण यांत्रिक आहेत. खिडक्या तिरक्या बसव आणि शक्य तर पाचरीच्या आकाराच्या घे. फायबर असेल तर तिरक्या टोकाचा कनेक्टर वापर. फोटोडायोडची काचेची टोपी काढता आली तर उत्तम. बॉडी एकाच धातूच्या ठोकळ्यातून काढून घे. इथं बेळगावात राहण्याचा फायदा आहे बघ, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत काही अंशांच्या तिरप्या खाचा अचूक मारून देणारे कारागीर मिळतात. ड्रॉइंगवर कोन आणि टॉलरन्स नीट लिहून दे, ‘थोडं तिरकं’ म्हणून तोंडी सांगू नकोस.

तापमानाचंही तसंच. डीएफबी लेझर दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो आणि रेषा आहे ०.०३ नॅनोमीटरच्या आसपास रुंद. अर्ध्या अंशाची चूक झाली तर तू रेषेवर नाहीसच. आत थर्मोइलेक्ट्रिक कूलर (विजेवर तापमान धरून ठेवणारा भाग) असलेलाच लेझर घे. शिवाय मिथेन भरून सील केलेली छोटी नळी शेजारी ठेवून प्रकाशाचा एक फाटा तिच्यातून जाऊ दे, म्हणजे रेषा कुठं आहे ते यंत्राला सतत कळेल.

ताकद खरोखर उपयोगी पडते ती फोटोअकॉस्टिक, म्हणजे प्रकाशानं उठणारा आवाज ऐकायच्या पद्धतीत. वायूनं प्रकाश शोषला की तो तापतो आणि आवाज होतो; प्रकाशातून असा आवाज निघतो हे मुळात ग्रॅहम बेलनं १८८० मध्ये दाखवलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटानं माइकऐवजी घड्याळात असतो तो ३२,७६८ हर्ट्झनं कंप पावणारा क्वार्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वापरला. यात सिग्नल लेझरच्या ताकदीबरोबर वाढतो आणि यंत्र फार लहान होतं. मात्र मिथेनच्या रेणूनं घेतलेली ऊर्जा उष्णतेत किती चटकन उतरते हे हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असतं. खानापूरचा जुलै आणि मार्च यांत तोच मिथेन वेगळा वाजेल. आर्द्रता मोजून दुरुस्ती करायची तयारी असेल तर कर की, नाहीतर पहिल्या प्रोजेक्टला नको.

अमोनियाचं दुखणं निराळं आहे. रेषा १५१२ नॅनोमीटरला चांगली आहे, लेझरही मिळतो, पण हा वायू ओल्या आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटतो. पंपानं नळीतून ओढलास तर आकडा हळू चढेल आणि गोठा मोकळा झाल्यावरही कितीतरी वेळ उतरणार नाही. मग लेझरला नावं ठेवशील. टेफ्लॉनची आखूड नळी आणि जोराचा प्रवाह हा एक मार्ग. मला विचारशील तर गोठ्यासाठी नळीच नको. एका भिंतीवर यंत्र, समोरच्या भिंतीवर सायकलला लावतात तसल्या जातीचा पण चांगला रिफ्लेक्टर. गोठा १० मीटर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर वाट फुकट मिळते. चिकटायला नळी नाही, आणि आकडा एका कोपऱ्याचा न येता सगळ्या गोठ्याची सरासरी येते. कामाच्या जागी आठ तासांसाठी २५ पीपीएमची मर्यादा धरतात, ती या वाटेत आरामात दिसते. महिन्यातून एकदा रिफ्लेक्टर पुसावा लागेल, माश्या बसतातच.

मिथेनबाबत एक गोष्ट प्रश्नात सुटली आहे. बाहेरच्या हवेत मिथेन २ पीपीएमच्या आसपास असतो, पण गोठ्यात तो त्याहून बराच जास्त असणार, कारण रवंथ करणारी जनावरं ढेकरांतून तोच सोडतात. गळतीचा अलार्म गोठ्यातून जाणाऱ्या वाटेवर लावलास तर तो म्हशींवरच वाजेल. टाकी, व्हॉल्व्ह आणि स्वयंपाकघराकडं जाणारी पाइप यांच्यासाठी वेगळी वाट ठेव. स्फोटाची खालची हद्द ५ टक्के, म्हणजे ५०,००० पीपीएम, त्यामुळं इथं अतिसंवेदनशील यंत्राची गरजही नाही.

टाकीतल्या गॅसमध्ये मिथेन किती हेही मोजायचं असेल, तर तो निम्म्याहून जास्तच असतो. त्यासाठी साधा इन्फ्रारेड सेन्सर पुरे. हायड्रोजन सल्फाइडलाही लेझर नको, जवळच्या इन्फ्रारेडमध्ये त्याच्या रेषा दुबळ्या आहेत, तिथं इलेक्ट्रोकेमिकल सेल लाव.

लेझरची ऑर्डर द्यायच्या आधी गाइडना विचारून कॉलेजात कुणाकडं जुना डीएफबी आणि ड्रायव्हर (लेझरला करंट पुरवणारं सर्किट) पडून आहे का बघ. असेल तर रिकामी नळी नायट्रोजननं भर, ड्रायरनं बॉडी हळूहळू गरम कर आणि पाया किती हलतो त्याचा ग्राफ इथं टाक. पाणी आणि धूळ लागणार म्हणून डब्याचं सीलिंग कसं करायचं, ते तो ग्राफ बघून सांगतो.