वाचकांचे प्रश्न : पासवर्डांची वही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. ईमेल, बँक, वीजबिल आणि रेल्वेचे तिकीट या सगळ्यांसाठी नातवाचे नाव आणि जन्मसाल असा एकच पासवर्ड वापरतो. विसरू नये म्हणून तो कपाटातल्या वहीत लिहिला आहे. वही फाडून टाका, असे मुलगा सांगतो. त्याचे बरोबर आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वही राहू द्या, बदलायचा आहे तो पासवर्ड. ऑनलाइन चोरी करणारा भामटा बहुधा शेकडो कोस दूर असतो, तुमच्या कपाटापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. त्याच्या हाती पडतात त्या फुटलेल्या याद्या. कधी काळी चादर मागवण्यासाठी ज्या किरकोळ संकेतस्थळावर आपण नाव नोंदवले, तिथले ईमेल पत्ते आणि पासवर्ड चोरीला गेले, की तीच जोडी तो ईमेलवर, बँकेवर, जमेल तिथे लावून पाहतो. आणि हे काम प्रोग्राम करत असल्यामुळे हजारो खाती तपासायला त्याला फारसा वेळ लागत नाही. नातवाचे नाव तर फेसबुकवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांतही सापडते.

सुरुवात बँकेपासून नव्हे, ईमेलपासून करा. पासवर्ड विसरल्याचे कळवले, की नवा ठरवण्याचा दुवा बहुतेक ठिकाणी ईमेलवरच येतो, म्हणून ईमेल ज्याच्या ताब्यात गेला त्याला बाकीची दारे उघडणे सोपे जाते. उंबरठा, पेरू, टांगा, सोमवार असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर लांब आणि तरीही लक्षात राहणारा पासवर्ड तयार होतो. (हेच चार मात्र घेऊ नका, ते आता छापून आले आहेत.) त्यानंतर खात्याच्या सेटिंग्जमध्ये द्विस्तरीय पडताळणी सुरू करा, मग नुसता पासवर्ड कळून भागत नाही, तुमच्या फोनवरचा कोडही लागतो.

वहीबद्दल इतकेच, की एटीएमचा आणि यूपीआयचा पिन तीत लिहू नये आणि प्रत्येक पासवर्डाची शेवटची तीन अक्षरे मनातच ठेवावीत. पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवलात, तर कपाटाला कुलूप लावून उपयोग नाही. मुलाला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारा प्रोग्राम, सोयीचा वाटत असेल तर त्याने खुशाल वापरावा, ती पद्धतही चांगली आहे.

प्रश्न : संगणक सारखा अपडेट मागतो आणि कामाचा खोळंबा होतो. अपडेट बंद ठेवले तर चालेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चालणार नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो पसरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. खोळंबा नको असेल तर रात्री जेवायला उठताना अपडेट लावून द्यावे. तुमच्याकडे विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित पाठिंबा, म्हणजे त्रुटी बुजवणारी नेहमीची अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्या. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि प्रत घेऊन झाली की तिची वायर काढा. जोडलेली डिस्कही असल्या प्रोग्रामच्या तावडीत सापडते.