मेल सर्व्हरचे पत्ते : फाइल की एलडॅप?

प्रश्न : आमचा मेल सर्व्हर अंधेरीच्या ऑफिसात पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवर चालतो. ६४० पत्ते साध्या फाइलमध्ये आहेत. कुणी नोकरी सोडली की ओळ हाताने खोडावी लागते, आणि ते राहूनच जातं. महापेच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांची एलडॅप डिरेक्टरी, म्हणजे नेटवर्कवरून विचारता येणारी नोंदवही, आहे. मेल सर्व्हर थेट तिला जोडावा का? – एक वाचक, अंधेरी

उत्तर : थेट नको. महापेची लाइन पावसात एकदा बसली की पत्ता तपासायला कुणीच नाही. मग शेजारच्या टेबलावर जाणारा मेलही अडतो. पोस्टफिक्स अशा वेळी ४५१ म्हणजे तात्पुरता नकार देतो. मेल सहसा हरवत नाही, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पण ऑफिस ठप्प.

खरी नोंद एलडॅपमध्येच राहू द्या. क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) दर १५ मिनिटांनी तिथून यादी काढा, पोस्टमॅप (साध्या यादीची झटपट शोधता येणारी डीबी फाइल बनवणारी आज्ञा) चालवा, आणि पोस्टफिक्सला ती स्थानिक फाइलच वाचू द्या.

यात एक खड्डा आहे, आणि तो लाइन बसण्यापेक्षा वाईट. यादी रिकामी किंवा अर्धवट आली तर गळलेल्या पत्त्यांवरच्या मेलला थेट ५५० मिळतो : असा माणूसच नाही. हा नकार कायमचा. पाठवणाऱ्याकडे मेल बाउन्स होतो. अर्धवट यादी यायला बिघाडच हवा असंही नाही. ओपनएलडॅप (एलडॅप डिरेक्टरी चालवणारं एक सॉफ्टवेअर, तुमच्याकडे तेच असेल तर) मुळात एका शोधात ५०० नोंदीच देतो, म्हणजे तुमचे १४० जण गायब! यादी काढणाऱ्या खात्याची ही मर्यादा आधी वाढवून घ्या. हे सगळं करणाऱ्या स्क्रिप्टने एलडॅपसर्च या यादी काढणाऱ्या आज्ञेचा एक्झिट कोड (काम नीट झालं का, हे सांगणारा आकडा) बघावा, शून्य नसेल तर तिथेच थांबावं. ओळी मोजाव्यात, कालच्यापेक्षा वीसेक कमी भरल्या तर जुनी फाइल तशीच ठेवून तुम्हाला कळवावं. नवी यादी वेगळ्या नावाने बनवा, ‘पोस्टमॅप -क्यू’ने दोन-तीन पत्ते विचारून बघा, मगच तयार डीबी फाइल ‘एमव्ही’ने (फाइल हलवायची आज्ञा) जुनीच्या जागी आणा. चालू फाइलवरच पोस्टमॅप मारू नका.

रूट, पोस्टमास्टर हे पत्ते एलियासेस फाइलमध्येच (एका नावाचा मेल दुसऱ्याकडे वळवणारी यादी) बरे. तिथे बदल केल्यावर मात्र पोस्टमॅप नाही, ‘न्यूएलियासेस’ ही आज्ञा चालवा.

बदल त्याच क्षणी लागू व्हायला हवे असतील, तर डिरेक्टरीची रेप्लिका (आपोआप ताजी राहणारी प्रत) अंधेरीतच उभी करा, शोध झटपट व्हावा म्हणून मेल या फील्डवर इंडेक्स लावा आणि पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये नुसतं ‘एलडॅप:’ न लिहिता ‘प्रॉक्सी:एलडॅप:’ लिहा. नाहीतर पोस्टफिक्सची प्रत्येक प्रोसेस आपापलं कनेक्शन उघडून बसते.