आवडता साउंडट्रॅक कोणता आणि का लक्षात राहतो?

माझ्यासाठी सैराट (2016). अजय-अतुलने गाणी फक्त चारच दिलीत, पण याड लागलं सुरू झालं की आधी ते व्हायोलिन्स भरून येतात आणि त्यावर अजयचा तो गावरान रांगडा आवाज, म्हणजे लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला ऑर्केस्ट्रा आणि खाली करमाळ्याकडचं रान, विहीर, तरी कुठंच परकं वाटत नाही. झिंगाट तर काय, वरातीत अजून वाजतंच.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो शेवट. ते छोटं पोरगं दारातून बाहेर पडतं आणि म्युझिक सोडाच, साधा आवाजही नाही! एवढी गाणी कानात भरून घेतल्यावर ती शांतता सहनच होत नाही.