फोटोच तर आहेत, त्यात एवढं काय बघायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, परवा भाची मला रीगलजवळ एका आर्ट गॅलरीत पोर्ट्रेट फोटोंच्या प्रदर्शनाला घेऊन गेली. माझं दहा मिनिटांत बघून झालं, ती मात्र एकेका चेहऱ्यासमोर उभीच. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, हसत तर कोणीच नाही, जसे काही आधार कार्डाच्या रांगेत बसलेत. यात नक्की बघायचं काय? आणि मोबाईलनं फोटो काढले तर चालतं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अहो दहा मिनिटं म्हणजे बरीच की, कित्येक जण नुस्ती खालची पाटी वाचून पुढे सरकतात. मी तर म्हणेन पाटी शेवटी वाचा, आधी वाचली की मग 'विणकर' नाहीतर 'गायिका' एवढंच दिसत राहतं.

आधी डोळ्यांजवळ जा. बुबुळात एक पांढरा ठिपका असतो, ते लाइटचं प्रतिबिंब, चौकोनी असेल तर बहुतेक खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (पांढरं कापड लावलेला स्टुडिओतला लाइट), कड्यासारखं गोल असेल तर रिंगलाइट म्हणजे गोल कड्याचा दिवा, आणि प्रिंट मोठा असला तर कधीकधी त्यात चक्क समोर उभा असलेला फोटोग्राफरच सापडतो! मग हात बघा. चेहरा सगळेच सावरून बसतात, हातांकडे लक्ष नसतं, कोणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत असतं, कोणाची मूठ मांडीवर घट्ट आवळलेली. समोरच्या कॅमेऱ्यावर त्या माणसाचा कितपत भरवसा होता ते तिथे कळतं, आणि माझ्या मते पोर्ट्रेटमध्ये बघायचं असतं ते हेच.

न हसण्याचं म्हणाल तर जुन्या फोटोंत त्याला एक साधं कारण होतं. त्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांचंच घ्या, ते आपल्या इंदूरलाच पीडब्ल्यूडीत म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते, 1870 च्या दशकात इथेच फोटोग्राफीला लागले, इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी पाठबळ दिलं, पुढे हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले. त्या जमान्यात काचेच्या प्लेटवर एक्स्पोजरला, म्हणजे प्रकाश पडून चित्र उमटायला, काही सेकंद लागायचे, तेवढा वेळ हसू धरून ठेवलं की ओठ हलणार आणि फोटो बिघडणार, म्हणून स्टुडिओत मानेमागे लोखंडी स्टँडसुद्धा लावायचे. आता तसं काही नाही, तरी फोटोग्राफर मुद्दाम हसू नका सांगतात कारण 'स्माइल प्लीज' म्हटलं की सगळ्यांचं हसू सारखंच येतं. खरं सांगू, कधीकधी ती नुस्ती फॅशनही असते.

याच्या उलट बघायचं असेल तर अमेरिकन फोटोग्राफर मॅन रे यांनी 1930 च्या आसपास काढलेले इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि संयोगिताराणींचे फोटो शोधा. राजा-राणी असून दरबारी थाट नाही, एकमेकांना बिलगून मजेत आहेत दोघं.

मोबाईलचं म्हणाल तर आधी काउंटरवर विचारा, प्रत्येक गॅलरीचा नियम वेगळा. हो म्हणाले तरी फ्लॅश बंद, नाहीतर काचेवर चमकतो आणि शेजारचे वैतागतात ते वेगळंच, थोडं तिरकं उभं राहून काढा. व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर फोटोग्राफरचं नाव लिहा, आणि 'गुड मॉर्निंग' चिकटवू नका त्यावर प्लीज.